बिनऔषधाचे पंधरा दिवस

कंपाउंडरांना निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, तरी शर्टाच्या खिशात कात्री असायचीच. गोळ्यांच्या पट्ट्या कापायची, छोटी, बोथट टोकांची. एका दवाखान्याच्या एकाच खिडकीआड बत्तीस वर्षं उभं राहून त्यांनी पट्ट्या कापल्या, पुड्या बांधल्या, लाल औषधाच्या बाटल्यांवर डोसाच्या खुणा केलेले कागद चिकटवले. आत बसायचे ते डॉक्टर, हे खरं. पण तपासून बाहेर आलेला माणूस खिडकीशी घुटमळायचा आणि हळूच विचारायचा, "कंपाउंडर, बरं वाटेल ना?" कंपाउंडर म्हणायचे, "दोन दिवसांत पळायला लागाल." निम्मा आजार तिथेच उतरायचा.

पुढे डॉक्टर वारले, दवाखान्याच्या जागी चपलांचं दुकान झालं. कंपाउंडर तिथून एकच वस्तू घरी घेऊन आले, बारा कप्प्यांचा पत्र्याचा औषधांचा डबा. शेजारीपाजारी, नात्यागोत्यात कुणाचा कोर्स अर्धवट राहिला, कुणाच्या गोळ्या उरल्या, की त्या त्यांच्या डब्यात येऊन पडायच्या. तारीख बघून, पुसून, कप्प्यात लावून ते झाकण बंद करायचे आणि कुलूप घालायचे. त्या वेळचा त्यांचा चेहरा बघण्यासारखा असे. एखाद्या बाईनं दागिने ठेवावेत तसे ते गोळ्या ठेवत.

त्यांच्या बायकोला सगळे शिवणकाकू म्हणायचे. बाहेरच्या खोलीत, खिडकीला लागून तिचं पायाचं मशीन होतं. त्या मशीनवर तिनं अर्ध्या गल्लीचे कपडे शिवले होते आणि उरलेल्या अर्ध्या गल्लीचे उसवून नीट केले होते. मशीनच्या पायडलवर तिचा उजवा पाय पुढे असायचा. अडीच वर्षांपूर्वी त्याच पायाचा झिजलेला गुडघा काढून तिथे धातूचा बसवला होता. पहिलं वर्ष दृष्ट लागावी असं गेलं. काकू म्हणायची, "माझा एक पाय आता माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान आहे." मग एक दिवस तो लहान पाय गरम लागायला लागला.

सूज आली. कंपाउंडरांनी डबा उघडला, पाच दिवस कॅप्सूल दिल्या. सूज उतरली. दीड महिन्यानं पुन्हा आली. डबा पुन्हा उघडला. असं तीनदा झालं. दर वेळी सूज उतरली की कंपाउंडर मनातल्या मनात कॉलर ताठ करायचे आणि दर वेळी ती परत आली की म्हणायचे, "थंडीमुळे असेल." तिसऱ्या खेपेला उन्हाळा होता. तेव्हा मात्र थंडीला दोष देता येईना.

शेवटी ते तिला मोठ्या हॉस्पिटलात घेऊन गेले. हाडांच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्या खुर्ची सोडून काकूसमोर स्टुलावर बसल्या आणि त्यांनी आधी एका गुडघ्याला, मग दुसऱ्या गुडघ्याला तळहाताची मागची बाजू लावून बघितली.

"काकू, आत जंतू बसलेत," त्या म्हणाल्या. "पाण्याच्या टाकीला आतून बुळबुळीत थर धरतो ना, तसा थर करून ते धातूला चिकटतात. वरवरचे गोळ्यांनी मरतात, थरातले मजेत असतात. म्हणून सूज उतरते आणि परत येते. आपल्याला आधी हे कळलं पाहिजे की हा जंतू कोणता आणि तो कशानं मरतो."

"मग बघा की," कंपाउंडर म्हणाले.

"आज नाही दिसायचा. तीन कोर्स झालेत, तो लपलाय. आजपासून पंधरा दिवस जंतूंचं एकही औषध द्यायचं नाही. दुखलं तर ही साधी दुखण्याची गोळी द्या. थंडी वाजून ताप आला तर तडक इथे यायचं. पंधरा दिवसांनी सुईनं सांध्यातलं पाणी काढू आणि त्यातले जंतू लॅबमध्ये वाढवत ठेवू."

काकूनं मुद्द्याचं विचारलं. "आणि तो नाही सापडला तर?"

डॉक्टरीणबाईंनी काही लपवलं नाही. जंतू कळला आणि औषधाला वाकणारा निघाला, तर एकाच ऑपरेशनमध्ये जुना सांधा काढून, आतलं सगळं साफ करून तिथेच नवा बसवता येईल. नाही कळला तर दोन ऑपरेशनं लागतील. मधले काही महिने गुडघ्यात औषधी सिमेंटचा ठोकळा, पाय ताठ. आणि तेही नाही जमलं, तर वरचं आणि खालचं हाड जोडून टाकायचं. दुखणं जाईल, पण गुडघा पुन्हा कधी वाकणार नाही.

"म्हणजे माझं मशीन?"

"मोटर बसवून घेता येईल, काकू."

"मोटरीला काय कळतंय हो, कापड कुठे ओढतंय ते," काकू म्हणाली आणि पदर नीट करत उठली. उठताना तिनं टेबल धरलं, ते कंपाउंडरांनी पाहिलं.

पहिले तीन दिवस बरे गेले. चौथ्या दिवशी काकू मशीनवर बसली आणि दोन टाके घालून थांबली. पाय पायडलवर तसाच ठेवून खिडकीबाहेर बघत राहिली. ओरडली नाही, की हूं नाही की चूं नाही. कंपाउंडरांना ते ओरडण्यापेक्षा जास्त लागलं. ज्या माणसानं उभ्या गावाला औषध दिलं, त्याच्या घरात त्याची बायको दुखणं गिळत बसली आहे आणि डबा चार पावलांवर आहे!

दिवेलागणीला त्यांनी दूध गरम केलं. साखर घातली, कॅप्सूल फोडली, पावडर घालून चमच्यानं गोल गोल ढवळली. दुधानं ज्याचा जोर उतरतो असलं औषध त्यांनी निवडलं नव्हतं, एवढे काही ते कच्चे नव्हते. एवढंच होतं, की डॉक्टरीणबाईंच्या दोन अक्षरी 'नाही'च्या जागी त्यांनी आपलं बत्तीस वर्षांचं शहाणपण वापरलं.

"हे काय नवीन?" काकू म्हणाली.

"ताकद यायला. पी."

काकू प्यायली. दुसऱ्या दिवशीही प्यायली. सहाव्या दिवसापासून गुडघ्याची धग कमी झाली, मशीन थोडं थोडं चालायला लागलं. कंपाउंडर खुशीत होते. डॉक्टरीणबाई पोर आहे, पुस्तकातलं सांगते, आपण तिला बोलायला कशाला जायचं. आता याला प्रेम म्हणायचं की वाह्यातपणा, हे ज्याचं त्यानं ठरवावं. माझ्या मते ते दोन्ही होतं आणि अगदी एकाच चमच्यानं ढवळलेलं होतं.

पंधराव्या दिवशी सुईनं पाणी काढलं. ते गढूळ होतं. लॅब तळमजल्यावर, बोळाच्या टोकाला होती, आणि तिलाही एक खिडकी होती. आत जाड चष्म्याच्या लॅबवाल्या ताई जंतू वाढवायच्या, बोटभर उंचीच्या काचेच्या थाळ्या उबदार कपाटात ठेवताना दिसायच्या. "असले आळशी जंतू असतात, दहा दहा दिवस हलत नाहीत," त्या म्हणाल्या. "म्हणून हाडांच्या थाळ्या मी चौदा दिवस टाकत नाही." कंपाउंडर दर दोन दिवसांनी जायचे. आयुष्यभर खिडकीच्या आत उभा राहिलेला माणूस आता बाहेर उभा राहून विचारायचा, "ताई, काही आलं का?" बाहेरून विचारणं कसं असतं, हे त्यांना साठी उलटल्यावर कळलं.

चौदाव्या दिवशी ताईंनी थाळी उजेडात धरली. कोरी करकरीत.

"पाण्यात पू भरपूर आहे," त्या म्हणाल्या. "जंतू मात्र एकही नाही. चूल पेटलेली आहे, भांडी उष्टी आहेत, आणि घरात माणूस दिसत नाही. काका, मधे काही औषध चालू होतं का?"

कंपाउंडर म्हणाले, "छे!"

म्हणजे तोंड म्हणालं. त्या बोळातून वर जाताना त्यांना वाटलं, प्रत्येक जण आपल्या शर्टाच्या खिशातल्या कात्रीकडे बघतो आहे. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

वर डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट दोनदा वाचला. काकू समोर बसली होती. "जंतू सापडला नाही," त्या म्हणाल्या. "मग एकदम नवा सांधा बसवायची जोखीम मी घेणार नाही. दोन ऑपरेशनं करू. पुढच्या आठवड्यात पहिलं."

"पाय किती दिवस ताठ?"

"तीन-चार महिने धरा. नंतर किती वाकेल, ते आज नाही सांगता येणार."

काकूनं मान हलवली. मग तिनं खुर्चीत बसल्या बसल्या उजवं पाऊल जमिनीवर टेकवून टाच उचलली, टेकवली, पुन्हा उचलली. पायडल हलवावं तसं. तिला स्वतःला ते कळलंही नसावं.

कंपाउंडरांना ते कळलं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं घरून निघताना त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. ती मूठ त्या टाचेपुढे आपोआप उघडली.

"बाई, मी दिलं," ते म्हणाले.

"काय दिलं?"

"कॅप्सूल. दुधातून. चौथ्या दिवसापासून कालपर्यंत रोज. हिला माहीत नाही. हिची काही चूक नाही. मी... मला बघवेना."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या म्हणाल्या, "काका, तुम्ही तर कंपाउंडर होतात ना?" आणि कंपाउंडरांची मान जी खाली गेली, ती वर येईना.

तेवढ्यात काकू बोलली. "मला माहीत होतं."

दोघंही तिच्याकडे बघायला लागले.

"दूध कडू लागायचं," ती म्हणाली. "दोन चमचे साखर घालूनसुद्धा. मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

"मग प्यायलात कशाला?" आता मात्र डॉक्टरीणबाईंचा आवाज चढला.

"उभे राहायचे ना ग्लास रिकामा होईस्तोवर. तोंडाकडे बघत. नाही म्हटलं असतं तर त्यांच्या हातांना काही कामच उरलं नसतं." मग ती नवऱ्याकडे वळली. "आणि दुखायचं थांबलं, तेही खरं. मलाही हवंच होतं. माझा गुडघा बदलला, पण अक्कल आपली दोघांचीही गुडघ्यातच राहिली."

डॉक्टरीणबाईंना हसू आवरलं नाही. हसून झाल्यावर त्यांनी कागद फाडला आणि नवा घेतला. "ऑपरेशन पुढे ढकललं. आजपासून पुन्हा पहिला दिवस. पण हे शेवटचं. पुन्हा असं झालं तर सांधा तेवढा धीर धरणार नाही."

घरी आल्या आल्या काकूनं हात पुढे केला. "किल्ली." कंपाउंडरांनी मुकाट्यानं डब्याची किल्ली दिली. तिनं ती बटणांच्या बरणीत टाकली आणि बरणी खळखळून हलवली. शेकडो बटणांत किल्ली दिसेनाशी झाली.

मग सुरू झाले ते खरे पंधरा दिवस. आजवर कंपाउंडरांनी कधी कुणाला 'काही नाही' दिलं नव्हतं. ताप असो, खोकला असो, काहीतरी बांधून हातावर ठेवायचंच. आता दिवसभर काहीही द्यायचं नाही. त्यांनी भांडी घासली, फडताळं पुसली, कापडाचे तुकडे रंगाप्रमाणे लावून ठेवले. काकू म्हणाली, "अहो, ते मापाप्रमाणे लावलेले होते." दूध मात्र त्यांनी बंद केलं. दुधाच्या पातेल्याकडे बघायचीच त्यांना लाज वाटायची. रोज दिवेलागणीला ते तिच्या कपाळाला हात लावायचे, थर्मामीटर लावायचे, ताप नाही ना बघायचे आणि परत जागेवर जाऊन बसायचे.

अकराव्या दिवशी दुपारी ते बाहेरून आले तर काकू जमिनीवर बसली होती, पाय लांब करून. समोर वर्तमानपत्रावर सगळी बटणं ओतलेली. तिच्या मुठीत किल्ली होती. चेहरा घामानं डबडबला होता.

"घ्या," ती म्हणाली. "उघडा."

"काय झालं? ताप आहे का?" त्यांनी कपाळाला हात लावला. थर्मामीटर लावला. ताप नव्हता.

"ताप नाही. दुखतंय. ती दुखण्याची गोळी घेतली, तिनं काही होत नाही. ती कडू द्या. एकच."

"नाही."

"एकानं काय होतंय? कुणाला कळणार आहे?"

"थाळीला कळतं," कंपाउंडर म्हणाले.

"मरू दे ती थाळी!" काकू चाळीस वर्षांत अशी बोलली नव्हती. "अहो, मीच म्हणतेय ना! तेव्हा न मागता दिलंत, आता मागतेय तर... तुमच्याकडेच मागणार ना मी? दुसऱ्या कुणाकडे मागू?"

खिडकीशी आलेल्या हजारो माणसांत इतक्या हक्कानं कुणी मागितलं नव्हतं, आणि ज्याला द्यावंसं वाटलं त्याला नाही म्हणायची वेळ कधी आली नव्हती. त्यांनी तिच्या मुठीतून किल्ली सोडवून घेतली. क्षणभर तिला वाटलं, उघडणार. त्यांनाही तसंच वाटलं, असं त्यांनी पुढे कबूल केलं.

मग ते खाली बसले. जमिनीवर बसायला त्यांनाही सोपं नव्हतं, एक हात भिंतीला, एक गुडघ्याला. किल्ली बरणीत टाकली आणि वर्तमानपत्रावरची बटणं ओंजळी भरभरून किल्लीवर ओतली. बरणी कपाटाच्या पार वरच्या फळीवर ठेवायला उठावं लागणार होतं, म्हणून ती त्यांनी तशीच मागे सरकवली. काकूचं पाऊल उचलून मांडीवर घेतलं.

"देणार नाही," ते म्हणाले. "शिव्या दे. मशीन चालू झालं पाहिजे तुझं."

काकू रडली. तेही रडले. कंपाउंडर रडताना नाक फार वाजवतात, त्यामुळे थोड्या वेळानं काकूला रडताना हसू यायला लागलं. संध्याकाळ होईपर्यंत ते पाऊल मांडीवर घेऊन बसून राहिले. पाय मुंग्या येऊन बधीर झाले तरी हलले नाहीत. दुखणं काही त्यानं कमी झालं नाही. पण तो दिवस गेला, आणि मग उरले चारच.

दुसऱ्यांदा पाणी काढलं. दुसऱ्यांदा थाळ्या उबदार कपाटात गेल्या. कंपाउंडर खिडकीशी जायचे, पण आता विचारायचे नाहीत, नुसते उभे राहायचे. ताई नकारार्थी मान हलवायच्या आणि ते परत फिरायचे. सातव्या दिवशी ताईंनी मान हलवली नाही. त्या म्हणाल्या, "काका, खिडकीत नको. आत या."

त्यांनी दिव्याखाली थाळी धरली. कोऱ्या पृष्ठभागावर टाचणीच्या टोकाएवढे पांढरट ठिपके उठले होते, दहा-बारा. दुसऱ्या थाळीतही तेच.

"हा बघा तुमचा पाहुणा. साधा कातडीवरचा जंतू आहे, सगळ्यांच्या अंगावर असतो. तुमच्या आणि माझ्यासुद्धा. पण धातूवर बसला की हटत नाही. कशानं मरतो ते दोन दिवसांत सांगते."

कंपाउंडर त्या ठिपक्यांकडे बघत राहिले. इतके दिवस बायकोच्या गुडघ्यात राहिलेला हा एवढासा प्राणी, आणि तो दिसावा म्हणून तिनं काय काय सोसलं. चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले. "ताई, मागच्या खेपेला मी तुमच्याशी खोटं बोललो."

"ठाऊक आहे," ताई म्हणाल्या. "मी वहीत 'औषध घेतलं नाही' असं नव्हतं लिहिलं. 'घेतलं नाही, असं नवरा म्हणतो' असं लिहिलं होतं."

जंतू वाकणारा निघाला. तीन औषधं त्याच्यावर चालत होती. ऑपरेशन एकच झालं. जुना सांधा निघाला, आतलं धुऊन-खरवडून साफ झालं, नवा बसला. दोन आठवडे शिरेतून औषध, मग तीन महिने गोळ्या. त्या गोळ्या हॉस्पिटलातून यायच्या आणि काकू स्वतः घड्याळ बघून घ्यायची. कंपाउंडर फक्त पाण्याचा ग्लास आणून द्यायचे. पत्र्याच्या डब्यातल्या सगळ्या उरल्यासुरल्या गोळ्या त्यांनी हॉस्पिटलात नेऊन परत केल्या. रिकाम्या बारा कप्प्यांत काकूनं बटणं लावली, रंगाप्रमाणे.

तीन महिने संपले त्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी गुडघा वाकवून बघितला, हाताची मागची बाजू लावली. दोन्ही गुडघे सारखेच गार. "आता गोळ्या बंद. परत गरम लागलं तर आधी माझ्याकडे. आधी डब्याकडे नाही," त्या म्हणाल्या, आणि कंपाउंडरांनी दोन्ही कान धरले.

त्या संध्याकाळी मशीन सुरू झालं. आधी अडखळत, मग एका लयीत. कंपाउंडर आतल्या खोलीत उगाच काहीतरी आवरत होते, कान बाहेर लावून. मशीन थांबलं. ते दाराशी आले. "काय झालं? दुखलं का?"

"नाही," काकू म्हणाली. दोरा दातानं तोडून तिनं त्यांच्याकडे बघितलं. "एक विचारू? पाच महिने झाले, तुम्ही दूध का बंद केलंत?"

कंपाउंडर खिशातली कात्री चाचपायला लागले. "ते... म्हटलं, तुला पुन्हा संशय..."

"डॉक्टरीणबाईंनी औषध बंद करायला सांगितलं होतं," काकू म्हणाली. "दूध नव्हे."

ते स्वयंपाकघरात गेले. पातेलं शोधायला त्यांना वेळ लागला. दूध गरम केलं, साखर घातली, चमच्यानं ढवळलं, आणि ग्लास तिच्यापुढे धरून पूर्वीसारखेच तोंडाकडे बघत उभे राहिले. काकूनं एक घोट घेतला. मग दुसरा. रिकामा ग्लास तिनं त्यांच्या हातात दिला, आणि पाय पायडलवर ठेवून मशीन पुन्हा सुरू केलं.